हललं की वितळलं

रफूताईला दाबाच्या प्रयोगशाळेत नेलं ते एका कोटाने.

तिचं दुकान म्हणजे जुन्या इमारतीच्या जिन्याखालची तिरप्या छताची खोली. उभं राहायचं तर दाराजवळच, आत जाल तसं डोकं वाकवायचं. तिथे खिडकीशी बसून ती एका डोळ्याला भिंग लावायची आणि कसरीने खाल्लेले, सिगारेटने जळलेले, खिळ्याला अडकून फाटलेले कपडे विणून पुन्हा सलग करायची. सूत त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून ओढून काढायचं, मग उभा धागा, आडवा धागा, मूळ विणीबरहुकूम एकेक चालवायचा. ती एक्केचाळीस वर्षांची असताना एक उंच, पाठीत वाकलेले गृहस्थ करडा लोकरी कोट घेऊन आले. कोपराला वाटाण्याएवढं भोक होतं. चार दिवसांनी न्यायला आले तर त्यांना ते भोक सापडेना. दोन्ही बाह्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, बाई, कोट बदलला वाटतं. तिने बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी तिचंच भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"यापेक्षा बारीक काम कराल?" त्यांनी विचारलं.

"कापड कोणतं आहे?"

"कापड नाही. धातू आहे."

तिला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, त्यानंतर आणखी एकदा, आणि तिसऱ्या वेळी काडेपेटीएवढ्या डबीत एक पोलादी यंत्र घेऊन आले. ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. तिथे त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. त्यांच्याकडे शिकलेली माणसं पुष्कळ होती, पण त्यांचे हात थरथरायचे.

घरी तिने ही गोष्ट सांगितली तेव्हा नवरा जेवायचा थांबला. तो बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर होता, तीस वर्षं धातूच जोडत आलेला. धातूला कुणी रफू करत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणाली, जाऊन तर बघ वहिनी, नाहीतरी हल्ली कोट फाटला की लोक नवाच घेतात. हे खरं होतं. दुकानात दिवसाकाठी दोन कपडे आले तरी खूप. रफूताईने खोलीला कुलूप लावलं आणि गेली.

काम सांगायला सोपं होतं. दोन हिरे घ्यायचे, टोकाशी घासून सपाट केलेले. ती टोकं त्या पोलादी यंत्रात समोरासमोर ठेवायची आणि स्क्रूने आवळायची. टोक इतकं लहान, की हाताने आवळलेल्या चार स्क्रूंचा सगळा जोर तिथे एकवटतो आणि दाब दहा लाख वातावरणांवर जातो. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं जे ओझं आहे त्याच्या दहा लाख पट. दोन हिऱ्यांच्या मधे रेनियम नावाच्या चिवट धातूचा पत्रा. त्या पत्र्याला केसाच्या जाडीहून लहान भोक. आणि त्या भोकात ज्याची परीक्षा घ्यायची त्या धातूचा कपटा, वर-खाली क्षाराचं अस्तर, म्हणजे हिऱ्याने उष्णता ओढून घेऊ नये, आणि कडेला माणकाचा एक कण, ज्याच्या चकाकीच्या रंगावरून दाब कळतो. हे सगळं त्या भोकात बसवणं हे रफूताईचं काम.

पहिला महिना ती रोज रडकुंडीला यायची. सूक्ष्मदर्शकाखाली तिची सगळ्यांत बारीक सुई मुसळासारखी दिसे. कपटा उचलायला जावं तर तो तिच्या श्वासाने उडून जाई. एकदा शिंक आली आणि आठवड्याचं काम कुठे गेलं ते कुणालाही सापडलं नाही. शेवटी तिने स्वतःच्या पापणीचा गळलेला केस काडीच्या टोकाला चिकटवला, जिभेवर जरासा ओला केला आणि त्याने कपटा उचलून भोकात ठेवला. तेव्हापासून आरशासमोर उभी राहून ती पापण्यांची निगा राखू लागली. नणंदेने त्यावरून तिला वर्षभर छळलं.

सरांनी तिला धातूंचा तक्ता दाखवला होता. त्याच्या मधल्या पट्ट्यात लोखंड, टंगस्टन, मॉलिब्डेनम, टॅन्टलम अशी मंडळी होती. यांना संक्रमण धातू म्हणतात, असं सर म्हणाले. कुठून कुठे संक्रमण, असं तिने विचारलं. तक्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, असं उत्तर आलं. ती हो म्हणाली. समजलं काहीच नव्हतं, पण त्या कपट्यांचा करडा-निळसर रंग तिला आवडला होता.

मुख्य प्रयोग टॅन्टलमचा होता. उघड्या हवेत तो तीन हजार अंशांच्या थोडं वर वितळतो. दहा लाख वातावरणांखाली किती अंशांना वितळेल, हे सरांना हवं होतं. कपटा भोकात आवळला की हिऱ्यांतूनच दोन्ही बाजूंनी लेसर सोडायचा. कपटा आधी लाल, मग पिवळा, मग डोळे दिपतील असा पांढरा व्हायचा. त्याच्यावर हिरवा प्रकाश टाकला की पृष्ठभागावर खरखरीत कापडासारखी दाणेदार नक्षी दिसे. सरांनी सांगितलं होतं, धातू वितळला की ही नक्षी हलते, हललेली दिसली की बोला. रफूताई भिंगाला डोळा लावून बसायची. सर लेसर वाढवत जायचे, आणि एका क्षणी ती म्हणायची, "हललं." त्याच क्षणी सर प्रकाशाच्या रंगावरून तापमान टिपून घ्यायचे.

अशी चार वर्षं गेली. किती हिरे तडकले त्याची मोजदाद नाही; तडकताना नुसता टक् असा आवाज येई, आणि त्या दिवशी सर कुणाशी बोलत नसत. चार वर्षांत आलेखावर एकोणीस बिंदू जमले. तिने एकोणीस वेळा हललं म्हटलं होतं.

बिंदू पाहून सर खुशीत होते. वस्तू दाबली की सहसा वितळायला जास्त उष्णता लागते, कारण गच्च गर्दीत कुणाला जागचं हलता येत नाही. पण टॅन्टलमचे बिंदू जवळजवळ आडवेच चालले होते. दहा लाख वातावरणांनाही तो चार हजारांच्या आतच वितळत होता. सरांनी याचं कारण शोधून काढलं: अणूंच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन दाबाखाली आपली जागा बदलतात, म्हणून धातू लवकर हार मानतो. ते एका नियतकालिकात छापून आलं. शेवटी आभाराच्या ओळीत रफूताईचं नाव होतं. नवऱ्याने ते पान कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं. साखर काढायला दार उघडलं की ते दिसायचं.

तीन वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तिथली पद्धत वेगळी होती. ते तोफेसारख्या लांब नळीतून एक चकती टॅन्टलमवर मारायचे. त्या धडकेने सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरता प्रचंड दाब आणि उष्णता तयार होई, आणि तेवढ्यात ते धातूतून आवाज किती वेगाने जातो ते मोजत. धातू वितळला की आवाज मंदावतो. त्यांचं म्हणणं होतं, सरांच्या आलेखातल्या दाबाला टॅन्टलम वितळायचा तर निदान दोन हजार अंश आणखी चढावं लागेल. दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकत होतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि खणात टाकलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या प्रयोगशाळेतली एक बाई स्वतःच आली. पस्तिशीची, हात कायम कोटाच्या खिशात, बोलणं मऊ. तिचं नाव नीट कळायच्या आत तिला सगळे स्फोटवाली म्हणू लागले होते. तिने आलेख पाहिला, लेसर पाहिला, आणि मग सरांना विचारलं, ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांच्याशी मी बोलू का? सर म्हणाले, बोला की.

"ताई, तुम्हाला दिसलं काय?"

"हललं," रफूताई म्हणाली.

"काय हललं?"

सात वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, दूध तापायला ठेवलं की वर साय धरते ना, आणि एका क्षणाला ती थरथरायला लागते, तसं.

"म्हणजे साय हलली. आणि खाली दूध?"

"ते मला दिसत नव्हतं."

स्फोटवालीने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. सरांचा चेहरा बदलला. ती गेल्यावर ते शांतपणेच म्हणाले, पण लागेल असं म्हणाले, तिला दूध आणि साय कशाला सांगत बसलात?

त्या दिवसापासून रफूताईचं डोकं ताळ्यावर राहिलं नाही. सरांनी तिला काय दिसायचं ते नीट लिहून द्यायला सांगितलं. तिने लिहिलं, वाऱ्याने कापड हलतं तसं. मग खोडून लिहिलं, मुंग्यांची रांग चालते तसं. मग, पाण्याच्या तळाची वाळू दिसते तसं. सहा वेळा लिहिलं आणि सहाही वेळा वेगळं झालं. वाचताना प्रत्येक खरं वाटायचं आणि दुसरं वाचलं की पहिलं खोटं वाटायचं.

त्याहून वाईट एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. लेसर वाढवताना सर तापमान मोठ्याने वाचायचे. पहिले पाच-सहा बिंदू झाल्यावर ते कधीकधी म्हणायचे, आता जवळ आलंय. आणि तेवढ्यात तिला हललेलं दिसायचं. ते हललं म्हणून तिने म्हटलं, की सर म्हणाले म्हणून हललं? ती डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायची. डोळे मिटले की मिटल्या डोळ्यांसमोरही दाणेदार नक्षी यायची, आणि तीही हलायची.

घरी तिचं लक्ष लागेना. पडदा हलला की बघत बसायची. इस्त्री तापली का हे पाहायला पाण्याचा थेंब टाकायची आणि तो थेंब कसा पळतो तेच बघत राहायची. एक सदरा त्यात जळला. तिने स्वतःच तो रफू केला, आणि सात वर्षांनी हातात सूत घेतल्यावर तिला रडू आलं. कशाचं ते तिला सांगता येईना. नणंद खाली येऊन म्हणाली, वहिनी, त्या भोकातून तुझं काही आत पडलं का?

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तोवर तो निवृत्त झाला होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो तिला जुन्या कारखान्यात घेऊन गेला. पहारेकरी ओळखीचा होता. शेडमधे थंड लोखंडाचा आणि तेलाचा वास होता. त्याने तिला काळ्या काचेचा मुखवटा दिला, स्वतः घातला आणि दोन जाड पत्र्यांच्या सांध्यावर रॉड टेकवला. काचेतून तिला प्रथम काळोखच दिसला, मग त्यात एक चकचकीत डबकं आणि त्याच्या कडेला फिरणारं काहीतरी मळकट.

"ते फिरतंय ते?" तिने ओरडून विचारलं.

रॉड उचलून त्याने मुखवटा वर केला. "तो स्लॅग. रॉडवरचा मसाला जळून वर तरंगतो. तो हलतो त्यावरून काही ठरवायचं नसतं. धातू त्याच्या खाली."

मग त्याने गॅसची ज्योत घेऊन एक पातळ पट्टी तापवली. पट्टी लालभडक झाली आणि ज्योतीकडे हळूहळू वाकली, मग दुसरीकडे वळली. थेंबसुद्धा गळला नव्हता.

"हलली ना?"

"हलली."

"वितळली का?"

"नाही."

"मग?"

"मग मला काहीच कळत नाही, अहो."

त्याने ज्योत बंद केली. म्हणाला, तुझ्या त्या भोकातलं मलाही कळत नाही, मला एवढंच कळतं की माझं डबकं हातभर असतं तरी पहिली दोन वर्षं मी स्लॅगलाच धातू समजत होतो. मग दोघं शेडबाहेरच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा प्यायली. तिला बरं वाटलं, पण उलगडा काही झाला नाही. उलट आता तिच्याकडे हलणाऱ्या वस्तू आणखी दोन झाल्या होत्या.

महिन्याभराने स्फोटवालीने मूळ नोंदी मागितल्या. सरांची जाड वही होती, त्यात प्रत्येक बिंदूपुढे दाब, तापमान आणि शेवटी एक शब्द: वितळले. रफूताईची मात्र आणखी एक वही होती. दुकानातली सवय, कुणाचा कपडा, कोणतं सूत, कुठली जागा, हे ती लिहून ठेवायची. प्रयोगशाळेतही तिने ती सवय सोडली नव्हती. संध्याकाळी निघायच्या आधी चार ओळी. तिने ती वही काढून पहिल्यापासून चाळली. तिच्या वहीत वितळलं हा शब्द एकदाही नव्हता. सगळीकडे हललं होतं. एके ठिकाणी, 'हललं, मग थांबलं, मग पुन्हा हललं.' सातव्या बिंदूपुढे नुसतं 'हललं?' असं प्रश्नचिन्ह होतं. त्या दिवशी शंका कसली आली होती ते काही केल्या आठवेना.

वही कुणाला दाखवायची, हे तिला दोन दिवस ठरवता आलं नाही. स्फोटवालीला दिली तर सरांशी बेइमानी. नाही दिली तर कुणाशी, तेही तिला कळेना. आणि दिलीच तरी तिने काय सिद्ध होतं? आपण हललं म्हणालो, सरांनी वितळलं लिहिलं. पण हललं म्हणजेच वितळलं, हे तर आधीच ठरलेलं होतं. मग फरक काय? फरक आहे असं तिला आतून वाटत होतं आणि तो शब्दांत सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली आणि वही टेबलावर ठेवली.

सरांनी सगळी वाचली. सातव्या बिंदूशी बोट थांबलं.

"हे मी कधी पाहिलं नाही."

"तुम्ही मागितलं नाही, सर."

त्यांनी वही मिटली. मग त्यांनी टेलिफोन उचलला, स्फोटवालीला लावला, आणि वही मिळेल, शिवाय धातूच्या आतलं दाखवणाऱ्या एक्स-किरणांच्या ठिकाणी वेळ मिळत असेल तर आम्ही दोघं येतो, असं सांगितलं. रफूताईला ते काही बोलले नाहीत. ते रागावले की काय, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी नक्की कळलं नाही.

ते ठिकाण म्हणजे एका मैदानाएवढी गोल इमारत. आत एका वर्तुळात इलेक्ट्रॉन पळवतात आणि त्यांच्या वळणावर एक्स-किरण सुटतात, असं तिला सांगण्यात आलं. ती सात यंत्रं भरून घेऊन गेली होती, कापसात गुंडाळून, मांडीवर. पडद्यावर काय बघायचं ते स्फोटवालीने सांगितलं. किरण कपट्यातून गेले की पडद्यावर ठिपके उमटतात. धातूच्या आत अणू ओळीने बसलेले बारीक दाणे असतात, त्यांचे हे ठिपके. धातू वितळला की ओळी मोडतात, ठिपके जातात आणि जागी धुरकट कडं येतं. रफूताईला हे पटकन समजलं. वीण असेल तर नक्षी, वीण उसवली की नुसता कापूस. फार दिवसांनी काहीतरी समजल्याचा तिला आनंद झाला. तो दुपारपर्यंत टिकला.

पहिलं यंत्र बसवलं. सरांनी लेसर धरला, पण या वेळी ते काही वाचत नव्हते. तसं तिनेच आधी सांगितलं होतं. ती भिंगाला डोळा लावून बसली. लाल, पिवळा, पांढरा. नक्षी स्थिर होती, स्थिर होती, आणि मग साय थरथरली.

"हललं."

तिने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. ठिपके तिथेच होते. पण स्वस्थ नव्हते. एक इथे विझत होता, दुसरा तिथे उगवत होता, जणू कुणी ते उचलून दुसरीकडे ठेवत होतं. धुरकट कड्याचा पत्ता नव्हता.

"घन आहे," स्फोटवाली हळूच म्हणाली. "दाणे मोडतायत आणि पुन्हा नवे बांधले जातायत. म्हणून पृष्ठभाग हलतो."

"म्हणजे मला दिसलं ते बरोबर?" रफूताईने विचारलं.

"अगदी बरोबर. जुन्या बिंदूंपासून शंभर अंशांच्या आत आहे."

"मग चुकलं काय?"

सरांनी लेसर वाढवला. पाचशे अंश, हजार, दीड हजार, त्याच्याही पुढे. मग एकाएकी ठिपके गेले आणि पडद्यावर धुरकट कडं उमटलं. टॅन्टलम खरोखर वितळला होता. रफूताई त्या क्षणी भिंगातून बघत होती. तिला काही वेगळं दिसलं नाही. नक्षी आधी हलत होती तशीच हलत राहिली. सात वर्षं जो क्षण पकडायला ती बसली होती तो तिच्या डोळ्यांसमोरून गेला, आणि दुसऱ्यांनी सांगितलं म्हणून तिला कळलं.

एवढ्यावर प्रश्न मिटला असता तर तीही निवांत झाली असती. पण दुसऱ्या यंत्रात धुरकट कडं फार लवकर आलं, जवळपास सरांच्या जुन्या बिंदूवरच. सरांची पाठ ताठ झाली. पुढे कपटा कापून तपासला तर हिऱ्यातला कार्बन त्यात शिरलेला निघाला. तो शुद्ध टॅन्टलम राहिलाच नव्हता. मग पहिल्यात कार्बन का शिरला नाही? अस्तर जाड होतं म्हणून, असं एक म्हणणं पडलं. अस्तर तर तिनेच घातलं होतं, दोन्हींत सारखं. सारखं होतं, असं तिला वाटत होतं. तिने हात पुढे धरून पाहिला, तो थरथरत नव्हता. सातांपैकी चार यंत्रांनी स्फोटवालीच्या बाजूने साक्ष दिली, दोनांत कार्बन निघाला, आणि एकाचा हिरा टक् करून फुटला.

सरांनी दुरुस्तीचा लेख स्वतः लिहिला. एकोणीस बिंदू वितळण्याचे नाहीत, हालचाल सुरू होण्याचे आहेत, असं त्यात स्पष्ट होतं. आणि या वेळी रफूताईचं नाव आभारात नव्हतं, वर लेखकांत होतं, सरांच्या आणि स्फोटवालीच्या मधे. तिला वाटलं, छापताना चूक झाली. ती विचारायला गेली तर सर म्हणाले, निरीक्षण तुमचं होतं, मी त्याला भलतं नाव दिलं. एवढं बोलून ते कागद आवरायला लागले. ती घरी आली आणि अभिनंदन घ्यायचं की माफी मागायची, हे तिला समजेना. नणंदेने निकाल दिला, चुकीबद्दल बढती मिळालेली पहिली बाई म्हणजे आमची वहिनी. नवरा पोट धरून हसला. तीही हसली, पण हसताना तिच्या मनात सातव्या बिंदूपुढचं प्रश्नचिन्ह होतं. बाकीचे अठरा समजले. त्या दिवशी काय वेगळं होतं?

सर दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. इलेक्ट्रॉन जागा बदलतात हे त्यांचं म्हणणं त्यांनी पुरतं सोडलं नाही. ते थोडं खरं असेलही, असं स्फोटवाली म्हणते, फक्त आपण मोजत होतो ते दुसरंच. रफूताई प्रयोगशाळेतच राहिली. आता लोखंडाचं काम आहे. पृथ्वीच्या पोटात जे लोखंड आहे ते किती अंशांना वितळतं, यावरही निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, पाचपाचशे अंशांचा फरक पडतो. परवा त्या गोल इमारतीतल्या पडद्यावर ठिपके गेले, कडं आलं, आणि लेसर तसाच असताना ठिपके परत आले. नक्षी सारखी हलतच होती. स्फोटवालीने फोनवर विचारलं, ताई, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, मला माहीत नाही. पलीकडून उत्तर आलं, मग तसंच लिहा. तिने वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'माहीत नाही.'

संध्याकाळी नवरा कांदा चिरत होता. तिने त्याला विचारलं, आपल्या पायाखाली इतकं लोखंड आहे आणि ते किती तापलेलं आहे हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? त्याने फरशीकडे पाहिलं. "वितळलेलं आहे की घन?"

"बाहेरून वितळलेलं, आत घन, असं म्हणतात."

"उलटं असतं ना? आत जास्त गरम असणार."

"आत दाबही जास्त आहे."

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, उद्या सुट्टी आहे ना तुला, कारखान्यात जाऊन बघू? ती नाही म्हणाली. पाचव्या यंत्राच्या पत्र्याला भोक पाडायचं राहिलं होतं, आणि अस्तर या वेळी ती आधी मापून घेणार होती.